कपाटातला दिवा आणि दोह्यातला शुक्रवार

कतारमधल्या दोह्याला जायचं ठरलं ते मारियामावशीमुळे. ती तिथल्या एका इस्पितळात नर्स आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि सोबतीला वसईहून कोणीतरी जाणं भागच होतं. मुंबईहून विमानाला चारेक तास लागतात. व्हिसाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी तपासून घ्या.

मावशीचा फ्लॅट अल हिलाल भागात. दुसऱ्या खोलीत इनेस राहते. पोर्तुगालच्या डोंगराळ गावातली, फिजिओथेरपिस्ट. नाव बदललंय; हे लिहायला तिची हरकत नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी ती खोलीचं दार लावून घेते, एवढंच मावशीला माहीत होतं.

सुरुवातीचे दिवस मी एकटीच भटकले. मेट्रो स्वस्त आणि चकचकीत, कोपऱ्याकोपऱ्यावर कडक चहा आणि पराठा. दुपारच्या उन्हात मात्र बाहेर पडू नका.

सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे इथे चर्चमधली मोठी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, शुक्रवारी. चर्चच्या दारावर तपासणी असते, सामान कमीच न्या. इनेस आमच्याबरोबर आली, गुडघे टेकले, पण प्रार्थनेत तिचे ओठ हलत नव्हते.

त्याच संध्याकाळी दारावर थाप पडली. वॉचमन होता. मध्यंतरी खालच्या मजल्यावर आग लागल्यापासून इमारतीत मेणबत्तीलाही बंदी होती.

"मॅडम, कुछ जल रहा है."

वास इनेसच्या खोलीतून येत होता. तिने दार उघडलं तेव्हा चेहरा पांढराफटक. वॉचमन सरळ कपाटाकडे गेला. आत, मातीच्या मडक्यात, तेलाची वात जळत होती.

"कपाट में?" त्याने आमच्या तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. "बुझाओ."

इनेस जागची हलली नाही. तिचा हात माझ्या मनगटाभोवती आवळला. "विझवू नका," ती इंग्रजीत कुजबुजली. "प्लीज. तो आपोआप विझायला हवा."

मावशी कुबडी टेकत पुढे झाली. "मेरा है," ती म्हणाली. "मन्नत का."

वॉचमनने दिव्याकडे पाहिलं, मग मावशीच्या कुबडीकडे. मग बादलीभर पाणी आणायला सांगितलं, ती कपाटापाशी ठेवली आणि स्टूल ओढून बसला. तेल संपेपर्यंत तो तिथून हलला नाही. त्याने मोबाइल काढला की मला वाटे, आता हा वर कळवणार. वात तडतडली, विझली. "फिर मत करना," म्हणून तो गेला.

इनेस तेव्हा रडली. मग सांगू लागली. कित्येक पिढ्यांपूर्वी पोर्तुगालच्या राजाने तिच्या ज्यू पूर्वजांना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं. रविवारी सगळ्यांसमोर चर्च, शुक्रवारी संध्याकाळी ज्यूंच्या पवित्र दिवसाचा दिवा, लपवून कपाटात; तो आपण विझवायचा नाही. प्रार्थना कुठे लिहिलेल्या नाहीत, आईने लेकीच्या कानात सांगायच्या. पकडले गेलेले जिवंत जाळले गेले.

"आता तुमच्याकडे कोण अडवतं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. पण उघड्यावर लावायला आईने शिकवलंच नाही."

मावशी पलंगावर बसून गुडघा चोळत होती. "आपल्या वसईतही पोर्तुगीजच आले होते गं..." ती मराठीत म्हणाली आणि कुबडी उचलून उठली.

परतल्यावर लोक खजूर मागतात, उंच इमारतींचे फोटो बघतात. माझ्याबरोबर मावशीचं ते अर्धं वाक्य आलं. आमच्या घराण्याच्या आठवणी बाप्तिस्म्यापासून सुरू होतात; त्याआधीचं मी कधी विचारलंच नव्हतं. रविवारी जेवणं झाल्यावर पपांना विचारलं, आजी चर्चमध्ये न शिकवलेलं असं काही करायची का?

पपांनी उठून आधी दार लावलं. मग हलक्या आवाजात सांगायला लागले.