आधी कंबर, मग हात

निजामाच्या अमदानीत मी गुलबर्ग्याला वकिली करत होतो. दर रविवारी जिल्ह्याचे कलेक्टर, म्हणजे तालुकदारसाहेब, तळ्यामागच्या माळावर गोल्फ खेळत, आणि त्यांच्यासोबत खेळणारा मराठी माणूस मी एकटाच. याचा मला फार अभिमान होता.

एका रविवारी साहेबांकडे पाहुणा आला. दुबलगुंडी गावाकडचा, माझ्याच वयाचा, बोलीही माझ्याच घरातली. फटक्याआधी तो पाय जमिनीत रोवायचा, जरा थांबायचा आणि सावकाश कमरेतून वळायचा. हात कमरेच्या मागोमाग यायचे, जणू त्यांना वेगळं काही करायचंच नव्हतं. चेंडू माळाच्या टोकाला असलेल्या बाभळीच्या पार जायचा. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर त्यांनी तो कधीच ठेवला नव्हता.

माझा फटका वाकडा गेला, तसा तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही निस्त्या हातानं मारायलाव. आगुदर कंबर वळू द्या, हात मागनं येत्यात. एवढी घाई कामून?"

मला राग आला, तरी मी तसंच केलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा चेंडू सरळ, लांब गेला. साहेब खूश झाले आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, "क्या खूब सिखाया आपने."

दुसऱ्या दिवशी तो निघून गेला. त्याचं नाव मी कुणाला विचारलं नाही.

पुढच्या रविवारी चेंडूसमोर उभा राहिलो, तर कंबर आपोआप वळायला लागली. मी ती आवरली आणि निव्वळ हातांनी फटका मारला. चेंडू तिरका गेला. मला मात्र फार बरं वाटलं.