हिरादादांची घंटा

ठाण्यात खोपटच्या स्टँडवर उतरलो आणि कळलं की, आमचे हे कंदी पेढ्यांची पिशवी एसटीतच विसरलेत. मागे वळून पाहीपर्यंत गाडी भिवंडीकडे निघूनही गेली. साताऱ्यापासून मांडीवर सांभाळलेली पिशवी मी उतरताना यांच्या हाती दिली, धन्य माझी!

निघालो होतो खडवलीजवळच्या हिरादादांच्या गावी. हिरादादा म्हणजे एके काळचे राज्याचे बॉक्सिंग चॅम्पियन. तरुणपणी ठाण्यात यांची त्यांच्याशी लढत झाली आणि हे हरले. पण तसं कबूल करतील तर शपथ. "शेवटच्या फेरीत तो डगमगत होता. घंटा वाजली म्हणून वाचला," हे पालुपद मी लग्नापासून ऐकतेय. माझ्या माहेरी यांना 'घंटावाले जावई' म्हणतात. हिरादादा गेल्याचं कळलं, त्या दिवशी हे जेवले नाहीत. महिन्याभराने म्हणाले, "त्याच्या गावी जायचंय. माझं खरं होतं, हे तिथे तरी कुणाला ठाऊक असेल."

टेंभी नाक्याजवळ यांनी लढतीची जागा दाखवली. तिथे आता मोबाइलची दुकानं. हे मुठी वळून पवित्रा दाखवायला लागले, तर दुकानदार म्हणतो, "काका, स्क्रीनगार्ड बघताय का?" मी हसून हसून बेजार.

लोकलने कल्याण सोडलं आणि थोड्या वेळाने भातखाचरं दिसू लागली. खडवलीहून रिक्षा केली. गावात शिरताच अंगणाअंगणात कोंड्याने भरलेली पोती टांगलेली, आणि वेण्या घातलेल्या मुली त्यांना ठोसे मारताहेत!

"दादा असल्याच पोत्यावर शिकलेले," रिक्षावाला म्हणाला. "चॅम्पियन झाले, तरी शेती नाय सोडली. सकाळी पोरापोरींना शिकवायचं, मग खाचरात. आमच्याकडे ना ताई, बारशाला कुंकू पहिलं बाळाच्या मुठीला लावतात, मग कपाळाला."

देवळापुढे उतरलो आणि मला पेढे आठवले. "पहिल्यांदाच कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं? लोक काय म्हणतील?"

"मग तूच धरायची होतीस पिशवी!"

झालं, भर चौकात आमची जुंपली. तेवढ्यात टण्ण! पारावर टांगलेली पितळी घंटा एका म्हाताऱ्या बाईंनी वाजवली होती.

"दादा, तुमी त्या कोपऱ्यान (कोपऱ्यात). बाय, तू या कोपऱ्यान. पानी प्या, मंग बोला."

दोन मुलींनी आम्हाला पाराच्या दोन टोकांना नेऊन बसवलं, हातात पाण्याचे तांबे दिले. गावात भांडण झालं की असंच, म्हणे. पाणी संपेपर्यंत अक्षर काढायचं नाही, मग हात मिळवायचे. कुणी हसत नव्हतं, त्यामुळे मलाच ओशाळल्यासारखं झालं.

म्हाताऱ्या बाई हिरादादांच्या धाकट्या बहीण निघाल्या. सगळे त्यांना आत्या म्हणतात. घंटेवर हात ठेवून त्या सांगू लागल्या, "ही दादानी ठान्याशी आनली. तिथं एका सातारच्या पोरानी त्याला असा चोपला, असा चोपला, का दादा उभा पन रात नव्हता. घंटा वाजली म्हनून वाचला. पयल्या फेऱ्यांचं गुन जास्ती होतं, म्हनून जिकला. दादा तिथल्या सायबांना बोलला, कप नको, ही घंटा द्या. मना वाचवली, गावाला पन वाचवंल."

यांचा तांबा ओठांपाशीच थांबला. डोळे खाली. पाणी संपायचं होतं, पण म्हटलं, नियम गेला खड्ड्यात.

"आत्या, तो सातारचा पोरगा म्हणजे हेच!"

आत्या बघतच राहिल्या. मग लगबगीने घरात गेल्या, करंडा घेऊन आल्या आणि यांची उजवी मूठ धरून तिला कुंकू लावलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अख्खा पार टाळ्या वाजवत होता. मग तांदळाची भाकरी, बोंबलांचं कालवण, आणि जेवणभर यांच्याकडून त्या शेवटच्या फेरीचं वर्णन. पेढ्यांचं नावही कुणी काढलं नाही.

घरी परतलो, तर शेजारचे काका फाटकातच उभे. "काय, घंटा वाजली म्हणूनच वाचला ना तो?" त्यांनी नेहमीसारखं चिडवलं.

हे शांतपणे म्हणाले, "नाही हो. हरलो होतो मी. मोठा खेळाडू होता तो."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मला असा राग आला म्हणता!

"काही हरला नव्हतात तुम्ही," मी कपड्यांची बॅग खाली आपटून म्हटलं. "ऐका हो काका, घंटा वाजली म्हणून वाचला तो!"