दार उघडणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही

माझ्या गळ्याचं उजवं हाड जिथे जुळलंय तिथे बोराएवढा उंचवटा आहे. पदराखाली तो दिसत नाही, पण हळदीकुंकवाला वाकले की बायकांच्या नजरेत येतो. मग हटकून विचारणा होते, "सायकलवरून पडल्त्या ना तुम्ही?" मी दर वेळी सांगते, "पडले नव्हते. पाडलं होतं." बायका हसतात. पडण्यात आणि पाडण्यात काय फरक आहे हे मी शाळेत मुलांना क्रियापदं शिकवताना समजावू शकते. मोठ्या माणसांना समजावून मात्र थकले.

मी बदनापूरला राहते आणि जवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पन्नाशी उलटली आणि साखर निघाली. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "चाला. रोज भरपूर चाला." माझे गुडघे त्याआधीच बोलायला लागले होते. चालून आले की रात्रभर त्यांच्यावर शेक. शेवटी तिथल्याच एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सुचवलं, "सायकल येते का तुम्हाला? सगळं वजन सीटवर जातं, गुडघ्यांवर भार येत नाही, आणि मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघा आपोआप सांभाळला जातो."

येत होती की! कुंभार पिंपळगावला, माझ्या माहेरी, वडिलांच्या उंच सायकलीच्या दांडीखालून पाय घालून मी हाफ पायडल मारत बाजाराच्या दिवशी गर्दीतून फिरायचे. लग्न झालं आणि सायकल सुटली. कुणी मनाई केली असंही नाही. बाई सायकलवर जाईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही.

सायकल घेतली. दुकानदाराने सीट पार खाली दाबून बसवली. "मॅडम, दोन्ही पाय टेकले पाह्यजेत. तुम्ही पडल्या-बिडल्या तर लोक आमच्या नावानं बोंबलतील." मीही मान डोलावली. थोड्याच दिवसांत गुडघ्याच्या वाटीपुढे अशी आग व्हायला लागली की जिना चढवेना. शिक्षकांच्या खोलीत सगळे एकदम डॉक्टर झाले. "आम्ही सांगत नव्हतो? सायकलीनं वाटी झिजते. ह्या वयात कशाला?" फिजिओथेरपिस्ट बाईंना दाखवायला गेले तेव्हा त्यांनी फोनवरचा माझा सायकल चालवतानाचा व्हिडिओ पाहिला आणि कपाळावर हात मारला. पायडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, जरासाच वाकलेला. माझा गुडघा प्रत्येक फेरीला छातीकडे येत होता. सीट वर घेतली, आग थांबली. करंगळ्या बधिर व्हायच्या, त्याचं कारण मी हँडलवर सगळा भार टाकून मूठ आवळत होते. तेही सुटलं. पण मला राग याचा आला की पुरुषाला सायकल देताना दुकानदार त्याची उंची बघतो, आणि बाईला देताना ती पडणार हे धरूनच चालतो.

पुढच्या तपासणीत तीन महिन्यांची साखर खाली आली. प्रेशर आटोक्यात आलं. शाळेचा चढ पूर्वी धापा टाकत चढायचे, तो गप्पा मारत चढायला लागले. अंथरुणाला पाठ लागली की झोप यायची. आणि सकाळी मोसंबीच्या बागांमधून जाताना डोकं असं मोकळं व्हायचं की पहिल्या तासाला मी मुलांवर ओरडेनाशी झाले. हे मुलांनीच मला सांगितलं.

एकदा मात्र वाटेतच दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, रस्ता डोळ्यांपुढे हलायला लागला. बांधावर बसले. बागेत काम करणाऱ्या एका बाईने मोसंबी सोलून तोंडात घातली, तेव्हा जिवात जीव आला. अंगाला व्यायाम मिळत होता, जेवण तेवढंच होतं, आणि साखरेच्या गोळीचा डोस जुनाच. साखर फार उतरली होती. डॉक्टरांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "हो, असं होऊ शकतं. गोळी कमी करू." मग आधी का नाही सांगितलं? व्यायाम करा म्हणून सांगायला सगळे पुढे. त्याच्याबरोबर काय जपायचं ते सांगायला कुणाला वेळ नाही. तेव्हापासून मी पिशवीत गुळाचा खडा ठेवते.

आता त्या सकाळचं सांगते. स्टेशनच्या रस्त्यावर दुकानांसमोर गाड्या उभ्या असतात. मी त्यांच्या कडेने चालले होते, कारण मधून सळयांचे ट्रक जातात आणि ते गेले की वाऱ्यानेच सायकल हेलकावते. एका मोठ्या पांढऱ्या गाडीचं रस्त्याकडचं दार धाडकन उघडलं. ब्रेक दाबायलाही सवड मिळाली नाही. हँडल दारात अडकलं, मी उजव्या खांद्यावर रस्त्यात आदळले. मागून येणारा ट्रक कर्कश आवाज करत थांबला. माझ्यापासून फार लांब नाही. हेल्मेटला ही एवढी चीर गेली. ते हेल्मेट बघून गावातली पोरं मला 'बॅट कुठंय मॅडम?' म्हणून चिडवायची.

गाडीतून उतरलेले गृहस्थ तालुक्यातले मोठे गुत्तेदार. रस्त्यांची, नाल्यांची कामं घेतात. कानाला फोन तसाच. आधी त्यांनी वाकून दार पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "अहो मॅडम, बघून चालवायची ना!"

हे ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं त्या आपा. त्यांचं शिवणाचं दुकान समोरच आहे. माझे ब्लाऊज वर्षानुवर्षं त्याच शिवतात. मशीन सोडून त्या धावत आल्या, मला उठवलं आणि रिक्षात घालून जालन्याला नेलं. वाटेत त्या माझा डावा हात धरून एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "दरवाजा उसने खोला, और डाँट तुमकू?"

दवाखान्यात हाड मोडल्याचं निघालं. हात गळ्यात. दुसऱ्या दिवशी घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. एकानेही विचारलं नाही, दार कुणी उघडलं? सगळ्यांचा प्रश्न एकच: सायकल कशाला? जाऊबाई म्हणाल्या, "मी तर पहिल्यापासून म्हणून राह्यले, बाईच्या जातीला हे शोभत न्हाई." मुख्याध्यापक म्हणाले, "स्कूटी घ्या की, मॅडम." जसं काही स्कूटीला बघून दारं उघडायची थांबतात.

आणि संध्याकाळी खुद्द गुत्तेदार आले. शहाळी घेऊन. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले, घाईने उठले आणि त्यांना खुर्ची दिली. गृहस्थ बसले, पायावर पाय टाकला.

"वहिनी, आता ह्या वयात हाडं ठिसूळ असतात. आराम करायचा. व्यायामच करायचा तर घरात योगा करा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यजमानांनीसुद्धा.

मी म्हटलं, "माझी हाडं ठिसूळ नाहीत, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. तुम्ही मागे न बघता दार उघडलं. एवढं ह्या सगळ्यांसमोर म्हणा, मग मी शहाळं पिते."

गृहस्थ हसले, यजमानांकडे वळून म्हणाले, "औषधांनी जरा चिडचिड होते पेशंटची."

कोपऱ्यात उभ्या आपा तेव्हा बोलल्या. "साहब, बाई बराबर बोल रही. मैंने देखी. तुमने पीछे देखा नै." गुत्तेदारांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते गेल्यावर यजमान माझ्यावर तापले. "कशाला वाकड्यात शिरून राह्यली? गावात राह्यचंय आपल्याला."

"मलाही गावातच राह्यचंय," मी म्हटलं. "त्या रस्त्यावरून जायचंय."

हात गळ्यात असतानाच ठाण्यात गेले. आपा बरोबर आल्या, जबाब द्यायला. हवालदाराने आधी चहा मागवला, मग समजावलं, "सायकल म्हणजे काय मॅडम, किरकोळ गोष्ट. तडजोड करून टाका." मी म्हटलं, सायकल किरकोळ असेल, मी नाही. बराच वेळ बसवून ठेवून शेवटी त्याने तक्रार लिहून घेतली. तिचं पुढे काय झालं ते विचारायला मी अजूनही जाते. अजूनही चहा मिळतो.

हाड जुळायला लागलं आणि एका सकाळी अंगणात पाहिलं तर सायकल नाही. यजमानांनी ती जालन्याच्या पुतण्याला देऊन टाकली होती. मला न विचारता. "तू आता चालवणार थोडीच?" म्हणाले. मी त्या दिवशी जेवले नाही. आपल्या अंगाचा एखादा अवयव दुसऱ्याने परस्पर वाटून टाकावा असं वाटलं. पण तेव्हा हात वर जात नव्हता. फळ्यावर डाव्या हाताने वेडीवाकडी अक्षरं काढत मी गप्प बसले.

त्या बसून काढलेल्या दिवसांचा हिशेब रक्ताने दिला. साखर पुन्हा चढली. डॉक्टरांनी कमी केलेली गोळी परत वाढवली, वर एक नवीन दिली. गुडघे जुन्या वळणावर गेले. घरी येऊन मी रिपोर्ट यजमानांच्या पुढ्यात ठेवला.

"बघा. सगळ्यांनी मिळून माझं एक हाड जपलं. आतून मी नासत चालले, ते कुणी बघितलं नाही."

"अगं, पण भीती वाटते ना मला," ते एकदम म्हणाले. आवाज लहान झाला होता. "फोन आल्ता तेव्हा आपा रडून राहिल्त्या. मला वाटलं, संपलं."

हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं. क्षणभर माझा राग अडखळला. पण विझला नाही. मी म्हटलं, "भीती वाटते तर त्या गुत्तेदाराला बोलायचं होतं. त्याला खुर्ची दिली, आणि माझी सायकल देऊन टाकली."

रविवारी मी एकटीच जालन्याला गेले. पुतण्याच्या घरी सायकल जिन्याखाली उभी होती, तिच्यावर चादरी वाळत होत्या. चादरी घडी करून ठेवल्या, सायकल बाहेर काढली आणि काळीपिवळी जीपच्या टपावर बांधून घरी आणली. खांदा पूर्ण बरा झाल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबले. मग सुरू केलं, सीट नीट उंचीवर, अंतर आधी थोडं.

त्यानंतर तालुक्यात आरोग्याच्या प्रचारासाठी विद्यार्थ्यांची सायकल फेरी निघाली. आमच्या शाळेची मुलं घेऊन मीही गेले. मांडवात हिरवा झेंडा घेऊन उभे कोण? तेच गुत्तेदार. पांढरा टीशर्ट, छातीवर सायकलचं चित्र. भाषणात म्हणाले, सायकल चालवा, हृदय निरोगी ठेवा, देश निरोगी ठेवा. भाषण संपलं, कुणी दोन शब्द बोलणार का असं विचारलं गेलं, तशी मी उठले.

"साहेबांनी सांगितलं ते खरं आहे," मी म्हटलं. "सायकलीने माझी साखर उतरली, गुडघे सुधारले. सायकलीने मला कधीच इजा केली नाही. स्टेशन रोडला साहेबांनी मागे न बघता गाडीचं दार उघडलं, त्यात माझं हाड मोडलं. मुलांनो, तुम्ही मोठे होऊन गाडीत बसाल. तेव्हा उतरताना दार दारापासून लांबच्या हाताने उघडा. अंग आपोआप मागे वळतं आणि कोण येतंय ते दिसतं."

गृहस्थ हसायला गेले, पण ते हसू जमलं नाही. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून पाहुण्यांचा मान राखण्याबद्दल सुनावलं. मी विचारलं, "सर, एक तरी शब्द खोटा होता का?" त्यांनी विषय बदलला. माफी गुत्तेदारांनी आजतागायत मागितलेली नाही.

मी रोज जाते. उभ्या गाड्यांच्या कडेने चालवणं सोडलंय. दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही एवढी जागा ठेवून, रस्त्याच्या आतल्या बाजूने जाते. मागून हॉर्न वाजतात. परवा एक जण खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ मावशी, कडेनं घ्या ना!"

घेतलं नाही. त्याला थांबावं लागलं. तो थांबला.