स्टाफा बेट आणि आईचं ‘नको’

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावाहून निघताना मी आईला बजावलं, ‘तिकडे बोचरी थंडी असते, कानटोपी घे.’ ‘थंडीचं राहू दे, मला स्टाफा बघायचंय,’ ती म्हणाली. आईने नागपूरला तीस वर्षं भूगोल शिकवला. स्कॉटलंडच्या त्या बेटावरचे दगडी खांब तिने फळ्यावर किती वेळा काढले असतील, देव जाणे. प्रत्यक्ष एकदाही पाहिले नव्हते. आता गुडघे बोलायला लागलेत, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

स्टाफाशेजारच्या मोठ्या बेटापर्यंत फेरीबोट, पुढे एकपदरी रस्ता. एका मेंढीने माझी भाड्याची गाडी पंधरा मिनिटं अडवली. हॉर्नला तिने भीक घातली नाही.

मग छोटी बोट. समुद्राने माझा पार निकाल लावला. कड्यावर पफिन (रंगीत चोचीचे गुबगुबीत समुद्रपक्षी) बसले होते म्हणे. मी पिशवीत तोंड घालून बसले होते.

स्टाफाच्या धक्क्यावर लोक उतरले. मी डोकं वर काढलं तर बोट धक्क्यापासून लांब चाललेली, आणि आई शेजारीच!

‘अगं, तू उतरली नाहीस?’

‘कॅप्टनने विचारलं, पायऱ्या निसरड्या आहेत, जायचंय का? मी म्हटलं, नको, उगाच तुम्हाला त्रास.’

‘मग?’

‘मग काय! ओके म्हणाला नि गेला. एकदाच विचारलं मेल्याने!’ तिचे डोळे भरले.

मी तडक कॅप्टनकडे गेले. ‘त्या नाही म्हणाल्या,’ तो म्हणाला.

‘आमच्यात पहिलं नाही धरायचं नसतं.’

‘मग दुसरं?’

‘तेही नाही. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस उठतं.’

‘माझ्याकडे तेवढा वेळ नाही. त्यांनी स्वतः सांगितलं तर नेतो.’

आई उठली. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, ‘आय वॉन्ट टू गो. नाऊ!’ कॅप्टनने निमूट बोट वळवली.

फिंगलच्या गुहेत (फिंगल म्हणजे तिथल्या दंतकथेतला महाकाय वीर) लाटा शिरून घुमत होत्या. दोन्ही बाजूंना काळे खांब, एकाला एक खेटून उभे. आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड. आईने एका खांबाच्या बाजू बोटाने मोजल्या. ‘पाच!’ शेजारचा मोजला. ‘सात! अगं, मी पोरांना सगळे सहाच शिकवले गं!’ आणि हसता हसता रडायला लागली. मलाही आवरेना.

परतीच्या विमानात ती भलतीच खुशीत होती. मला मात्र भलतंच काहीतरी टोचत होतं. दहा वर्षं मी दर उन्हाळ्यात फोनवर विचारायचे, ‘आई, अमेरिकेला येतेस?’ ती नको म्हणायची. शेवटी यंदा जावयाने हट्ट धरला, तेव्हा आली.

‘आई, इतकी वर्षं तुला यायचं होतं?’

‘होतं की,’ ती म्हणाली. ‘तू फोन फार लवकर ठेवायचीस.’