नव्या घरातला पहिला घास

त्या आठवड्यात कोणी मला विचारलं असतं की, बाई, तुमचा देवावर भरवसा आहे का, तर मला धड उत्तर देता आलं नसतं. दिवा लावत होते, तोंडानं स्तोत्र चाललं होतं, पण कान सगळे स्वयंपाकघराकडे. ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरमागच्या सापटीत आमचा बोका गुंड्या अंग चोरून बसला होता. बारामतीच्या या फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्यापासून त्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. दुसरं मांजर असतं तर लोक म्हणतात तसं मीही म्हटलं असतं, भूक लागली की खाईल. पण गुंड्याला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ त्याला इन्सुलिन टोचावं लागतं, आणि ते टोचायचं तर आधी पोटात काहीतरी हवं.

आमचा सगळा संसार वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये झाला. हे तिथे वर्कशॉपमध्ये होते. तळमजल्यावरचं बैठं घर, पुढे व्हरांडा, अंगणात कडुनिंब. गुंड्या असाच कुठूनतरी एक कान फाटलेला, अर्धवट वाढलेला असा व्हरांड्यात आला आणि राहिला. आम्हाला मूलबाळ नाही. कुणी त्यावरून काही जोडू नये, पण घरात कुणीतरी आपली वाट बघतंय ही सवय त्यानंच लावली. मग तो सारखा पाणी पिऊ लागला, खाऊनही वाळत चालला. बारामतीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, साखर. ह्यांना आधीपासून होतीच. शेजारी थट्टा करायचे, साखर कारखान्याच्या गावात राहून तुमच्या घरात माणूसही गोड आणि मांजरही गोड. मला सुई टोचायची भीती वाटायची, पण हळूहळू जमलं. गुंड्या वाटीत तोंड घालून खात असायचा आणि मी पाठीची कातडी चिमटीत धरून टोचून टाकायची. त्याला पत्ताही लागत नसे.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायची मुदत आली आणि आम्ही बारामतीला फ्लॅट घेतला. दुसरा मजला, लिफ्ट, नवीन रंगाचा वास, बर्फासारख्या गार फरश्या. नव्या घरात जुना मळ नको म्हणून मी निघण्याआधी चादरी, पडदे, गुंड्याचं घरातलं अंथरूणसुद्धा खळखळून धुऊन काढलं. टेम्पोतून येताना तो पिंजऱ्यात असा ओरडत होता, की शेवटी ड्रायव्हरनंच गाणी बंद केली. घरात पिंजरा उघडला तर तो जमिनीला पोट घासत तडक ओट्याखाली गेला.

डॉक्टर तरुण मुलगी आहे, पण समजूतदार. तिच्याकडे नेलं तेव्हा तिनं सगळं तपासलं, मळमळ थांबायचं इंजेक्शन दिलं आणि मला समोर बसवून म्हणाली, "काकू, त्याला दुसरं काही झालेलं नाही. तो घाबरलाय. पण खाल्लं नाही तर नेहमीचा पूर्ण डोस द्यायचा नाही, साखर एकदम उतरेल. आणि मांजर असं उपाशी राहिलं की लिव्हरवर येतं. म्हणजे आपल्याला दोन्हीकडून जपायचंय. प्रत्येक वेळी मला फोन करा, मी सांगीन तेवढंच द्या." शांत खोली द्या, अन्न कोमट करून द्या, शी-शूचा मातीचा ट्रे खाण्यापासून लांब ठेवा, असं बरंच तिनं सांगितलं. "आणि त्याचं जुनं अंथरूण द्या, न धुतलेलं. त्याला त्याचा वास मिळू दे." मी मान खाली घातली. घरात न धुतलेलं काही उरलंच नव्हतं.

मी काय काय केलं म्हणून सांगू. आमच्या घरात मांसाहार नाही, त्याच्यासाठी वेगळं पातेलं आहे. त्यात चिकन शिजवलं, कोमट करून बोटावर धरलं. हे भिगवणला जाऊन चिलापी घेऊन आले. वास्तुशांत व्हायची होती, देव अजून टोपलीतच होते, आणि माझ्या नव्या ओट्यावर मासा उकळत होता. गुंड्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मी ओट्यापुढे फरशीवर पालथी पडून त्याच्याकडे बघत राहायची, त्याला नावानं हाका मारायची, विनवायची. तो माझ्याकडे बघायचाही नाही. त्याचे ते विझल्यासारखे डोळे मला सहन होईनात.

शुक्रवारी डॉक्टरनं सांगून टाकलं, "उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दाखल करू. सलाईन लावू, नाकातून नळी घालून खायला घालू." तिनं ते शांतपणे सांगितलं. एवढ्या घाबरलेल्या जिवाला परक्या पिंजऱ्यात ठेवायचं, नळी घालायची. त्यातून तो परत येईल असं मला वाटेना.

आमचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचा नरसिंह. नव्या घरात आल्यावर पहिल्या शनिवारी दोघांनी जाऊन अभिषेक करायचा असं ठरलेलं होतं. मी म्हटलं, मी येत नाही. हे सकाळी एकटेच इंदापूरच्या एसटीत बसून गेले. ते गेल्यावर मात्र मला भरून आलं. ज्याच्या कृपेनं छप्पर मिळालं त्याच्या दर्शनाला जायचं सोडून आपण एका बोक्यापाशी बसलोय, ही टोचणी; आणि गेले असते तरी गाभाऱ्यात उभं राहून मन इथेच राहिलं असतं, हेही खरं. टोपलीतून नरसिंहाचा टाक काढला, पाटावर ठेवला, हात जोडले. नेहमीसारखे शब्द येईनात. एवढंच म्हटलं, "माझ्याच्यानं झालं ते सगळं करून झालं. आता मला काही सुचत नाही. तुझं तू बघ." त्यात भक्ती किती होती आणि थकवा किती, मला सांगता येणार नाही.

दारावरची बेल वाजली ती त्यानंतर थोड्या वेळानं. दार उघडलं तर एक म्हातारी बाई उभी. नऊवारी, कपाळाला बुक्का, हातात जड पिशवी. धापा टाकत म्हणाली, "सुनंदा हितंच ऱ्हाती न्हवं?"

"नाही हो मावशी, इथे कोणी सुनंदा नाही."

"आसं कसं? दुसरा मजला म्हन्ली ती. लिफ्ट बंद हाय, जिन्यानं आले मी."

खरं सांगते, मला त्या घडीला कोणी नको होतं. मी "खाली चौकशी करा" म्हणून दार लोटायच्या बेतात होते. तेवढ्यात तिनं भिंतीला हात टेकला. बघितलं तर चेहरा पांढराफटक, ओठांवर घाम. मी पिशवी घेतली आणि तिला धरून आत आणलं.

सोफ्यावर भांड्यांची खोकी रचलेली, खुर्च्या अजून दोरीनं बांधलेल्या. ती म्हणाली, "खुर्ची ऱ्हाऊ दे बाई, मला घटकाभर पडू दे कुठं." त्या गार फरशीवर तिला निजवणार कशी? चादरींचं गाठोडं शोधायला वेळ नव्हता. कोपऱ्यात माझं शिवणयंत्र होतं. टेम्पोत आपटू नये म्हणून निघताना घाईत कुणीतरी त्याला व्हरांड्यातली जुनी गोधडी गुंडाळून वर सुतळी बांधली होती. ती मी आणल्यापासून सोडलीच नव्हती. सुतळी कापली, गोधडी ओढून काढली आणि तिथेच बैठकीच्या खोलीत अंथरली. त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त म्हातारी होती.

पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. थोड्या वेळानं ती उठून बसली, तेव्हा कळलं की कोऱ्हाळे बुद्रुकहून ती सकाळीच निघाली होती. नात सुनंदा बाळंत झालेली, तिच्यासाठी डिंकाचे लाडू करून आणलेले. "सकाळधरनं पोटात काय बी न्हाय बघा. आधी लेकराचं त्वांड बघू, मग खाऊ म्हन्लं." मी पोहे फोडणीला टाकले. पिशवीत नातजावयाचा नंबर चिठ्ठीवर होता, त्याला फोन केला. त्याच नावाची दुसरी सोसायटी पुढच्या चौकात आहे, तिथे तो राहतो. म्हणाला, लगेच निघतो. पोह्यांची बशी तिच्यापुढे ठेवली तर ती खाईना.

"तुमी बी घ्या की वाईच."

"मला भूक नाही हो."

"मग मला बी जात न्हाय. एकटीनं कसं खायाचं?"

मी दुसरी बशी घेऊन गोधडीवर तिच्याशेजारी बसले. मग आठवलं, सकाळपासून मीही चहाशिवाय काही घेतलेलं नव्हतं. ती नातीबद्दल बोलत होती, उसाला पाणी कधी येतं ते सांगत होती, मी हूं हूं करत होते. किती दिवसांनी मी ओट्याकडे बघत नव्हते.

बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, "आगं बया, मांजर हाय व्हय तुमच्यात?"

गुंड्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा होता. मान पुढे, नाकपुड्या हलत होत्या. मी श्वास धरला. तो एकेक पाय टाकत आला, गोधडीच्या काठाशी थांबला, हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग वर चढला आणि पुढच्या दोन्ही पायांनी ती गोधडी मळू लागला, व्हरांड्यात रोज मळायचा तशी. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की ही त्याची दुपारची निजायची गोधडी. घरातली एकुलती एक न धुतलेली वस्तू, आणि मी तिच्या शेजारून चार वेळा झाडू मारला होता.

मला उठायचा धीर होईना. पण उठले. त्याची वाटी कोमट करून आणली, गोधडीवर त्याच्यापुढे ठेवली आणि पुन्हा पोहे खायला बसले. त्याच्याकडे बघितलं नाही. म्हातारीच म्हणाली, "खातंय की वो." आधी चाटल्याचा आवाज आला. मग चावल्याचा. मी पदर तोंडाला लावला. ती गोंधळून बघत राहिली. "काय झालं बाई? रडू नगा. बरं हाय न्हवं समदं?" मी मान हलवली.

अर्ध्याहून थोडी जास्त वाटी त्यानं संपवली. डॉक्टरला फोन केला तेव्हा तीही हसली असावी, आवाजात कळत होतं. साखर मोजायला सांगितली, आकडा ऐकून म्हणाली, "आता अर्धा डोस द्या. संध्याकाळी पुन्हा खाल्लं तर आणायची गरज नाही." तोवर नातजावई येऊन म्हातारीला घेऊन गेला. जाताना तिनं माझ्या हातावर दोन लाडू ठेवले. गडबडीत मी तिचं नावही विचारलं नाही.

हे दिवेलागणीला परतले. अंगारा आणि प्रसाद पाटावर ठेवून जरा संकोचतच म्हणाले, "अगं, गुरुजींनी संकल्पाला घरातल्यांची नावं विचारली. तुझं सांगितलं, माझं सांगितलं. मग म्हटलं, गुंड्या. ते म्हणाले, हा कोण? म्हटलं, घरातलाच आहे, आजारी आहे. त्यांनी काही न विचारता नाव घेतलं." मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं नाही, बैठकीच्या खोलीत बोट दाखवलं. गुंड्या गोधडीवर पोट वर करून झोपला होता, मिशीला मासा लागलेला. संध्याकाळची वाटीही त्यानं साफ केली होती. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या डोळ्यांत पाणी मी फार क्वचित पाहिलंय.

अभिषेक किती वाजता झाला, हे मला विचारावंसं वाटलं होतं. जिभेवर आलं होतं. पण नाही विचारलं. वेळ जुळली असती तर मी सगळ्यांना सांगत सुटले असते. नसती जुळली तर उगीच खट्टू झाले असते. मिळालं ते मिळालं, त्याचा पंचनामा कशाला?

त्यानंतरही काही दिवस त्याचं खाणं वरखाली होत राहिलं, डोस सावकाश पूर्वीवर आला. आता तो खिडकीत बसून खालच्या कुत्र्यांवर हुकूम चालवतो. ती म्हातारी मला मध्यंतरी मंडईत भेटली, मेथीची जुडी निवडताना. मी पळत जाऊन तिचे हात धरले, मांजराचं सांगायला लागले. ती आठवून आठवून थकली. "मांजर? न्हाय बा ध्यानात. पोहं मातुर झाक झालं होतं तुमचं. लई भूक लागली हुती." आणि हसली. मीही हसले. जिच्यामुळे माझ्या घरात उजेड आला तिला त्याची खबरच नव्हती.

मी देवाकडे मदत मागितली होती आणि माझ्या दारात मदत मागणारी बाई आली. मी दार लोटणारच होते. अजूनही त्या विचारानं अंगावर काटा येतो. म्हणून आता बेल वाजली की हातातलं काम टाकून जाते. बहुतेक वेळा कुरिअरवाला असतो, नाहीतर पाण्याचं बिल. तरी दार उघडताना मनातल्या मनात हात जोडलेले असतात.