सुलाबाईंनी यंत्र पारखलं

नाटक कंपनी बेळगावात उतरली की तंबूचे खांब रोवण्याआधी मंडळी एकच चौकशी करत : "सुलाबाईंची खानावळ चालू आहे ना?" ती चालू असली की पुढचा मुक्काम सुखाचा जायचा. बेळगावच्याच शहापूर पेठेत, विणकरांच्या मागांच्या खडखडाटात, एका लांबट पडवीत ती खानावळ होती. पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि अमावास्येला पुरणाची पोळी. राजाचा पार्ट करणारा आणि पडदा ओढणारा तिथं शेजारी-शेजारी पाटावर बसत. राजाने जास्त तूप मागितलं तर सुलाबाई म्हणत, "राज्य तिकडं तंबूत. हितं सगळ्यांस्नी सारखं."

बाई मूळच्या निपाणीच्या. लग्नाआधी तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जात. तिथं एकदा त्यांनी मुकादमाला विचारलं, "एकाच रानातलं एक पान पिवळं न् एक काळं, हे का?" मुकादम म्हणाला, "तू पानं निवड. कारणं निवडू नगंस." पण ती खोड काही गेली नाही. नवरा गेल्यावर एक तवा, एक परात घेऊन त्या बेळगावात आल्या आणि इथंही त्यांचं तेच. दही घट्ट का लागलं, नाटकात वीज कशी चमकवतात, मेलेला राक्षस शिंकला तर काय करतो, सगळं त्यांना हवं असे. कंपनीचे लोकही हौसेने सांगत. विचारणारं माणूस भेटलं की नटाला दुसरं काय पाहिजे?

त्यांच्या खानावळीचा अर्धा जीव म्हणजे यल्लव्वा. जवळच्या कंग्राळी गावची ही बाई भांडी घासायला म्हणून आली आणि तिथलीच झाली. मागच्या अंगणात राख, काथ्या आणि पाण्याचा हौद, हे तिचं राज्य. ताट घासून झालं की ती त्यात तोंड बघायची, कुंकू नीट करायची आणि मगच ते पालथं घालायची. दुपारी सगळं आवरलं की दोघी एका ताटात जेवत. कोण आधी घास घेतं यावरून रोज भांडण.

ब्याऐंशी सालच्या सुमाराला यल्लव्वाच्या हातांनी दगा दिला. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या, कातडं सोलून निघायला लागलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, "आता या हातांना पाणी नको. सोडा नको, राख तर मुळीच नको."

घरी येऊन यल्लव्वाने आपलं गाठोडं काढलं.

"हे काय गं?" सुलाबाई म्हणाल्या.

"कंग्राळीला जातो आक्का. पुतण्या हाय की."

"त्यो पुतण्या? गेल्या दसऱ्याला तुला उंबऱ्याच्या भाईर बसवून चहा दिलंतं न्हवं त्यानं?"

"दिलंतं न्हवं का, मग झालं."

"ऱ्हा की हितंच. तुझ्या भाकरीनं माझं काय दिवाळं निघतंय?"

"काम न्हाय तर भाकर न्हाय," यल्लव्वा म्हणाली. "फुकटचं गळ्याखाली उतरत न्हाय मला. तुला म्हाईत हाय."

ते सुलाबाईंना माहीत होतं. तिला नुसतं 'बस' म्हणून ती बसणार नव्हती. तिला काम हवं होतं, आणि ते पाण्याशिवायचं हवं होतं. आता भांड्यांचं काम आणि पाण्याशिवाय, हे कोडं कुणी सोडवायचं?

सोडवलं ते परसूने. परसू म्हणजे बाईंचा भाचा, वडगावात यंत्रमागांचा फिटर. त्याच्या कानावर आलं की गोव्यातलं एक हॉटेल बंद पडलंय आणि तिथलं भांडी धुवायचं यंत्र विकायला निघालंय. "आत्ती, नुसती भांडी रचायची न् खटका दाबायचा. यल्लव्वामावशीनं हात सुद्धा भिजवायला नको."

यंत्र टेम्पोतून आलं त्या दिवशी अख्खी गल्ली गोळा झाली. कंपनीचे नट दाढी अर्धवट ठेवून आले. पांढरं, उंच, पुढं काचेचं दार. आत गोल गोल खणांची जाळी, एकेका खणात एकेक वाटी अशी काही चपखल बसली की यल्लव्वा सुद्धा हरखली. "आमच्या वाट्या बघूनच केलंय जणू!" ताटं कडेला उभी केली. परसूने हौदाचं पाणी भरलं, साबणाची पूड टाकली, खटका दाबला. घूं घूं घूं. सगळे श्वास रोखून उभे. तिसरी घंटा झाली आणि पडदा थरथरायला लागला, की प्रेक्षागृह जसं गप्प होतं तसं.

दार उघडलं. वाफेचा लोट निघाला. टाळ्या पडल्या. मग वाफ विरली, आणि टाळ्याही विरल्या. ताटाच्या काठाला पिठल्याची पिवळी रेघ तशीच. वाटीच्या बुडाला आमटीची डाळ चिकटलेली. भाकरीचे तुकडे फक्त जागा बदलून बसले होते.

खलनायकाची कामं करणारे जोतिबा कांबळे गंभीरपणे म्हणाले, "बाई, यंत्रानं आंघोळ घातली खरी. अंग चोळायचं ऱ्हायलं."

सगळे हसले. हसली नाही ती यल्लव्वा. ती एकटक त्या यंत्राकडे बघत होती.

पण नवल पुढंच. दुसऱ्या दिवशी ताटं लख्ख निघाली. तिसऱ्या दिवशीही. "नवं हुतं, बुजलं आसंल," यल्लव्वा म्हणाली. गिऱ्हाईक खूष, परसू खूष. मात्र शनिवारी पुन्हा पिवळी रेघ. पुढच्या शनिवारी तेच. यंत्राला शनिवारचं वावडं का असावं? सुलाबाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. शनिवारी वेगळं काय असतं? स्वयंपाक तोच, पाणी तेच, पूड तीच. मग आठवलं : शनिवारी यल्लव्वा बाजाराला जाते.

सोमवारी दुपारी बाईंनी डोळा लागल्याचं सोंग केलं. नटांच्या संगतीत एवढं तर येतंच. जरा वेळाने अंगणातून ओळखीचा आवाज आला : कर्र, कर्र, कर्र. दाराआडून बघतात तर यंत्रातून निघालेली ताटं घेऊन यल्लव्वा हौदाशी बसलेली, आणि हातात राखेचा काथ्या.

"यल्लव्वा!"

तिने हात पदराखाली लपवले. सुलाबाईंनी ते ओढून बाहेर काढले. भेगा पुन्हा उलल्या होत्या.

"अगं, कुणी सांगिटलंतं हे? यंत्र कशापायी आणलंय मग?"

"यंत्राला येत न्हाय आक्का," यल्लव्वा हळूच म्हणाली. "पर त्याला येत न्हाय हे कळलं की तुम्ही काढून टाकशीला. त्यो गेला की मी बी गेलो. म्हून म्या त्याची लाज राखली."

सुलाबाई तिथंच पायरीवर बसल्या. मग डोळे पुसून त्यांनी परसूला निरोप धाडला : पान्हे घेऊन ये.

परसूने यंत्र उघडलं आणि बाई डोकं आत घालून बसल्या. पाणी कुठून येतं? या फिरत्या दांडीतून. मग ताटाला लागतं की नाही? त्यांनी ताटांना कुंकवाचे पट्टे ओढले आणि यंत्र चालवून बघितलं. कुंकू खालच्या चार बोटांतलंच गेलं होतं, तेही पुसट. फवारा एवढा नाजूक, की गुलाबपाणीच शिंपडतंय जणू. मग परसूने तळाची गाळणी उपसली. तिच्यातून निघालं ते सुलाबाईंनी तळहातावर घेतलं : लिंबाच्या बिया आणि पातळ काचेचा एक तुकडा.

"परसू, लिंबाची बी ताटात आसंल. पर ही काच एवढी पातळ कशाची रं?"

परसूने काच उजेडात धरली, मग त्या गोल खणांकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आत्ती, हे हाटेलातल्या ग्लासांचं यंत्र हाय! सरबताचं न् दारूचं ग्लास धुवायचं. खण वाट्यांचं न्हवंत, ग्लासांचं हाईत."

"म्हंजे ह्या बिचाऱ्यानं जन्मात पिठलं बघिटलं न्हाय," सुलाबाई म्हणाल्या. त्यांना एकदम त्या यंत्राची दयाच आली. नाजूक नायिकेला भीमाचा पार्ट दिला आणि ती पडली, यात तिचा काय दोष? ते यंत्र परसूने एका सोडावॉटरवाल्याला दिलं आणि तिथं ते सुखात नांदलं.

दुसरं शोधायला सुलाबाई आणि यल्लव्वा कॅम्प भागात मारुतीरावांच्या वखारीत गेल्या. मारुतीराव लिलावातला माल घेऊन विकत : लोखंडी खाटा, पंखे, मोडके पियानो. त्यांच्याकडे भांड्यांची दोन यंत्रं होती. एक गुळगुळीत, चकचकीत, निळ्या पट्ट्याचं. दुसरं बुटकं, पोचे पडलेलं, एका दवाखान्याच्या भटारखान्यातून आलेलं.

सुलाबाईंनी टोपलीवरचं फडकं काढलं. आत आदल्या दिवशीची ताटं, पिठलं वाळून दगड झालेली.

मारुतीराव मागे सरकले. "हे काय आणलंसा बाई?"

"धुवून दाखवा."

"अवो, ही काय म्हस हाय व्हय, धार काढून बघायला?"

"म्हशीची बी दोन वेळची धार बघत्यात, मारुतीराव. सकाळची येक, सांजंची येक. पयल्या धारंला इकणारा म्हस तुंबवून ठेवतोय. निम्मी ताटं आता, निम्मी सांजंला."

वखारीतले हमाल हसले. मारुतीरावही हसले, पण तयारीला लागले. त्यांनी दोन्ही यंत्रांत पाणी भरलं आणि खटके दाबले. चकचकीत यंत्राची ताटं आरशासारखी निघाली. पोचेवाल्याची बरी निघाली, काठाला जरा जरा शिल्लक.

"बघा!" मारुतीराव म्हणाले. "आता ह्याच्यात इचार काय करायचा?"

यल्लव्वा मात्र चकचकीत यंत्रामागं वाकून बघत होती. कोपऱ्यात तांब्याचा बंब धगधगत होता आणि त्याच्यापासून यंत्रापर्यंत पाण्याचे ताजे ओघळ. तिने सुलाबाईंना कोपराने ढोसलं.

संध्याकाळी दोघी पुन्हा आल्या. सुलाबाईंनी बाहेरच्या आडातलं थंडगार पाणी स्वतः शेंदलं आणि दोन्ही यंत्रांत ओतलं. चकचकीत यंत्राने खूप आवाज केला आणि ताटं नेली तशीच परत दिली. पाणी तापवायची त्याची कळच मेलेली होती. बुटक्याने थोडा वेळ घेतला, धापा टाकल्या, आपलं पाणी आपण तापवलं आणि सकाळच्यासारखीच ताटं दिली. काठाला जरा जरा शिल्लक.

मारुतीराव ओशाळले. "बाई, चुकलं. बंबाचं पाणी म्याच ओतलंतं. पर खरं सांगू? पुढच्या महिन्यात माझ्याकडं चांगलं येणार हाय, अगदी नवंकोरं. त्यात काठ सुद्धा निघंल. थांबा तवर."

सुलाबाईंनी बुटक्यातून सकाळी निघालेलं, आता वाळलेलं एक ताट हातात घेतलं. काठाला वाळक्या पिठल्याची नखभर कड. त्यांनी सहज अंगठ्याने रेटलं. वाळलेलं पिठलं टचकन उडालं. कोरडंच. पाण्याचा थेंब लागला नाही.

त्यांनी टोपलीतलं एक न धुतलेलं ताट उचललं आणि यल्लव्वापुढे धरलं. "तुझा काथ्या काढ. कोरडाच."

"कोरड्यानं काय घासू, माझं कपाळ?"

"घासू नगंस. नुसतं झाड."

यल्लव्वाने कंबरेला सदा खोचलेली काथ्याची गुंडाळी काढली. खर्र, खर्र. पिठल्याचे पापुद्रे पदरभर पडले. ते ताट बुटक्या यंत्रात गेलं आणि बाहेर आलं. यल्लव्वाने ते उजेडात धरलं, तिरकं केलं, काठावरून बोट फिरवलं. मग त्यात बघून कुंकू नीट केलं.

"हेच न्यायाचं," सुलाबाई म्हणाल्या.

"अवो, पण पुढच्या महिन्यात..." मारुतीराव.

"तुमचं ते नवंकोरं सगळंच करतंय म्हणतासा. मग माझ्या माणसानं काय करायचं?"

यंत्राने काम कमी करावं म्हणून ते निवडणारं गिऱ्हाईक मारुतीरावांनी आजवर पाहिलं नव्हतं.

यल्लव्वा आता यंत्राच्या पोच्यांवरून हात फिरवत होती. "आक्का, ह्यो खोटं बोलत न्हाय बघ. जेवढं येतंय तेवढं करतोय, ऱ्हायलेलं उघडं दावतोय."

"मग जमंल न्हवं तुझं त्याच्याशी?"

"त्यो वेळेवर उठला म्हंजे झालं."

खानावळीत बुटक्याला पडवीच्या टोकाला जागा मिळाली आणि त्याच्यासमोर यल्लव्वाचा पाट पडला. ताटं आधी तिच्यापुढं यायची, कोरडी झडायची आणि मगच आत जायची. हौदाकडे तिला फिरकू द्यायचं नाही हे जोतिबा कांबळ्यांनी अंगावर घेतलं. ते मुक्कामाला असले की मिशा पिळून हौदाच्या वाटेवर उभे राहत आणि यल्लव्वा त्यांना काथ्या फेकून मारी. हातांच्या भेगा हळूहळू भरून आल्या. जेवणाऱ्यांना मात्र नवा जाच सुरू झाला. कुणी ताटात आमटी ठेवून उठला की पाटावरून हाक यायची, "ए राजा! माझ्या ह्या बुटक्या गड्याला काय गटारीतनं आणलंय व्हय? पुसून खा की!" आणि दोन अंकांत सिंहासन गाजवणारा माणूस निमूटपणे खाली बसून बोटाने ताट निपटायचा.

सुगीच्या तोंडाला कंग्राळीहून पुतण्या आला. काकीची खोली झाडून ठेवलीय म्हणाला. यल्लव्वाने त्याला आत, पाटावर बसवलं, पोटभर वाढलं.

"येत न्हाय बाबा," ती बुटक्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली. "हितं कामाचं लई हाय. येकट्याच्यानं ह्याला उरकत न्हाय." आणि पुतण्याचं ताट ओढून तिने झाडायला घेतलं.