तापलेलं पोतं

सडक अर्जुनीजवळ हायवेला लागून दुधरामचा ट्रकची बॉडी बांधायचा कारखाना होता. तिथलं रंगकाम रंजिता करायची. तिचे वडील गुलाब आयुष्यभर ट्रक रंगवत आले. त्यांचे हात थरथरायला लागले, तसा ब्रश तिने उचलला. त्यालाही आता वीस वर्षं होत आली होती.

त्या सकाळी ती शेडमध्ये शिरली आणि जागीच थबकली. नव्या बॉडीच्या फळ्यांना तिने आदल्या दिवशी जवसाच्या तेलातला रंग दिला होता. हवा दमट, रंग सुकायला वेळ घेणारच होता. पण ती घरी गेल्यावर दुधरामने उरलेल्या रंगात जांभळ्या ड्रायरची अर्धी बाटली ओतली आणि वरून दुसरा हात स्वतःच मारला. आता सगळ्या फळ्या सुरकुतल्या होत्या. वर सायीसारखा पापुद्रा, आणि बोट दाबलं की आत चिकट ओल.

"हे कायले केलं, भाऊ?"

"गाडी परवा द्यायची हाय. लवकर सुकन म्हणून टाकलं."

"तेल पाण्यावानी उडून नाही सुकत. थे हवा ओढून घेते अन् घट्ट होते. ड्रायर त्याले घाई लावते. लय टाकलं का वरचंच आधी बंद होते. मंग आतल्याले हवा कुठून भेटन?"

दुधराम फोन घेऊन बाहेर गेला.

दुपारपर्यंत तिने तो रंग खरवडला, तेलाच्या चिंध्यांनी पुसला. अशा चिंध्या उन्हात एकेक पसरून टाकायच्या, हे वडिलांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. पण त्या दिवशी डोकं तापलेलं होतं. तिने बहुतेक सगळ्या चिंध्या पोत्यात कोंबल्या, पोतं कोपऱ्यात लोटलं आणि ती जेवायला बसली.

अडीचच्या सुमारास जवस करपल्यासारखा वास आला. तिने वळून पाहिलं. पोत्याच्या तोंडातून पांढरा धूर निघत होता, आणि हातभर अंतरावर टर्पेंटाईनचे दोन डबे होते.

"कैलाश, सिलेंडर बाहेर काढ!"

वेल्डर कैलाशने गॅसचा सिलेंडर गडगडत बाहेर नेला. रंजिताने डबे लाथेने दूर सारले, लोखंडी आकडा पोत्यात अडकवला आणि ते ओढत सुटली. अंगणात मोकळी हवा लागताच पोत्याने भडका घेतला. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कैलाशने वाळूची घमेली ओतत आग विझवली.

दुधराम धावत आला आणि त्याने सरळ कैलाशची कॉलर धरली. "बिडी फेकली ना? मांगं बी तुले पकडलं होतं. आजपासून तुह्या कामाचा पत्ता कट!"

"म्या नाही पेली, भाऊ. आईची शपथ!"

रंजिता गप्प राहिली असती, तर कोणाला कळलंही नसतं.

"सोडा त्याले," ती म्हणाली. "बिडी नाही. थे पोतं म्या भरलं."

"पोतं भरल्यानं आग लागते का?"

तिने शेडमधून एक पत्र्याचा डबा आणला. सकाळच्याच थोड्या चिंध्या त्यात दाबलेल्या होत्या. "हात घाला."

दुधरामने हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"तेल हवा ओढते तवा गरम होते," ती म्हणाली. "फळीवर थे गरमी उडून जाते. गोळा करून कोंबलं का आतच साचते. अन् ड्रायर लय असन तर आखीन लवकर. हे मले ठावं होतं, भाऊ. तरी कोंबलं."

दुधरामने कॉलर सोडली. रंजिताकडे न बघताच तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

पाचव्या दिवशी तो स्वतः तिच्या दारात आला. दुसऱ्या रंगाऱ्याने फळ्यांना हात लावायला नकार दिला होता. हाताला पट्टी बांधलेली असतानाच ती गेली. तिने रोज एकच पातळ हात दिला. दुधराम दर संध्याकाळी विचारायचा, "सुकला का?" आणि ती म्हणायची, "उद्या पाहू."

गाडी नऊ दिवस उशिरा गेली. त्या दिवशी कैलाशने तिच्यासाठी चहा आणला. जवळ बसून म्हणाला, "ताई, काऊन सांगतलं? तुह्यावर कोणी शक घेत नव्हतं."

"तुह्यावर घेऊन राहिले होते ना," ती म्हणाली आणि डाव्या हाताने कप उचलला.